रकान्यात न मावणारे गाव

आपल्या देशात जनगणना फेब्रुवारीत होते. २०११ साली ९ ते २८ फेब्रुवारी असे वीस दिवस प्रगणक घरोघर फिरले, शेवटच्या रात्री बेघर माणसांची नोंद झाली आणि १ मार्च सुरू होण्याचा क्षण हा मोजणीचा क्षण धरला गेला. पाऊस नसतो, खरिपाची कामे उरकलेली असतात, रस्ते कोरडे असतात. सोयीचा महिना आहे.

आदिवासी गावांना मात्र तो सोयीचा नाही. फेब्रुवारीत रायगड आणि ठाण्याच्या कातकरी वाड्यांवर जाऊन पाहावे. बरीच दारे बंद असतात आणि ओटीवर एखादी म्हातारी बसलेली दिसते. बाकीचे कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले असते, ते पावसाच्या तोंडावर परतते. नंदुरबारच्या डोंगरांतले भिल्ल आणि पावरा ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात असतात. गडचिरोलीतल्या अनेक गावांतली माणसे मिरची तोडायला तेलंगणात गेलेली असतात. जनगणनेचा नियम सरळ आहे: त्या वीस दिवसांत जो माणूस एकदाही आपल्या घरी राहिला नाही, तो त्या घरात मोजायचा नाही, जिथे असेल तिथे मोजायचा. म्हणजे वाडीवरचे कुटुंब कागदोपत्री भट्टीवरचे होते. भट्टीच्या झोपड्यांपर्यंत प्रगणक पोहोचला तर.

गावाची लोकसंख्या म्हणजे एक आकडा, अशी आपली समजूत असते. माणसे वर्षातले सहा महिने गावात आणि सहा महिने बाहेर जगतात, अशा गावाला एकच आकडा कसा पुरणार? माणसे कधी जातात आणि कधी येतात हे पोटावर ठरते, म्हणून आदिवासी गावात लोकसंख्या आणि उपजीविका हे दोन वेगळे विषय होतच नाहीत.

आधी ‘गाव’ म्हणजे काय तेही पाहायला हवे. जनगणना महसुली गाव मोजते. ज्याच्या सीमा तलाठ्याच्या नकाशावर आहेत ते गाव. त्यामुळे ज्या गावात एकही माणूस राहत नाही, असे ओसाड गावही यादीत येते. विदर्भात त्याला रिठी म्हणतात. उलट जिथे माणसे खरोखर राहतात, तो कोकणातला पाडा किंवा वाडी, मेळघाटातला ढाणा, गडचिरोलीतला टोला यांची वेगळी ओळख बहुतेक वेळा कागदावर उमटत नाही. एका महसुली गावात दोन-दोन कोसांवर पसरलेले सात-आठ पाडे असतात. त्यातला एक वारल्यांचा, एक कातकऱ्यांचा, एक कोकणांचा. पहिल्यात शाळा असली की अख्खे गाव शाळा असलेले ठरते. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने या बाबतीत मोठे पाऊल उचलले. आपल्या परंपरेप्रमाणे आपला कारभार चालवणारी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह म्हणजे गाव, अशी व्याख्या त्या कायद्याने दिली. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये आले आणि पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवण्याचा रस्ता खुला झाला. माझ्या मते आदिवासी भागाच्या कारभारातला हा फार मूलभूत बदल आहे, कारण पाडा वेगळा दिसू लागला तरच त्याचे दुखणे वेगळे दिसते.

राज्याचे चित्र थोडक्यात सांगतो. २०११ च्या मोजणीत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची संख्या १ कोटी ५ लाख १० हजारांच्या वर होती, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या ९.३५ टक्के. भिल्ल, गोंड, महादेव कोळी आणि वारली हे संख्येने मोठे समाज. सातांतले सहा आदिवासी खेड्यात राहतात. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया आदिवासींत ९७७, तर साऱ्या राज्यात ९२९. मुलगी नको म्हणणाऱ्या सुधारलेल्या समाजाने या दोन आकड्यांकडे पुन्हा पुन्हा पाहावे.

गडचिरोली जिल्ह्यात हे प्रमाण ९८२ आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा क्षेत्रफळाने सुमारे साडेचौदा हजार चौरस किलोमीटर आणि लोकसंख्येने २०११ साली १० लाख ७३ हजारांच्या जवळ. चौरस किलोमीटरला ७४ माणसे. राज्यात हाच आकडा ३६५. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाखाली आहे आणि लोकसंख्येत आदिवासी ३८ टक्क्यांहून अधिक. ‘विरळ वस्तीचा मागास जिल्हा’ असे शब्द यावर सहज चिकटवले जातात. पण एका माणसामागे इतके जंगल असण्याचा अर्थ काय होतो, हे तिथल्या एका घराचे वर्ष पाहिल्याशिवाय कळत नाही.

ते पाहण्याआधी जनगणनेच्या रकान्यांबद्दल बोलू. प्रगणक प्रत्येकाला कामाबद्दल विचारतो. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केले तर मुख्य काम करणारा, कमी केले तर सीमांतिक. मग कामाचे चार प्रकार: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. १९९१ पर्यंत हे प्रकार नऊ होते. त्यात पशुपालन, वनकाम, मासेमारी, शिकार आणि फळबागा यांना मिळून एक रकाना होता. २००१ मध्ये नवाचे चार केले, तेव्हा तो रकाना ‘इतर’मध्ये गेला. शिक्षक, दुकानदार, बँकेतला कारकून, ट्रकचालक आणि जंगलातून मध आणणारा माणूस आता एकाच कप्प्यात आहेत. देशातल्या कोट्यवधी माणसांचे पोट ज्या जंगलावर चालते, त्याला राष्ट्राच्या सर्वात मोठ्या नोंदवहीत स्वतःची जागाच राहिली नाही.

स्त्रियांच्या कामाचे तर विचारूच नका. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नाला ‘शेतात किंवा घरच्या उद्योगात केलेले बिनमोल काम धरून’ अशा अर्थाची पुस्ती जोडावी लागली, कारण त्याआधी शेतात राबणारी बाई ‘घरकाम’ म्हणून नोंदली जाऊन बाहेर राहत असे. राष्ट्रीय नमुना पाहणीत ९३ क्रमांकाचा एक संकेत आहे. घरकाम सांभाळून भाजी, कंद, जळण, गुरांचा चारा असे फुकट मिळणारे जिन्नस गोळा करणाऱ्या व्यक्तीसाठी तो वापरतात. हा संकेत लागला की ती बाई श्रमशक्तीच्या बाहेर धरली जाते. पहाटे चारला डोक्यावर टोपली घेऊन निघालेली गोंड बाई अशा रीतीने ‘काम न करणारी’ होते.

आता वर्ष. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले, समजा दोन एकर धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरे, असलेले एक गोंड कुटुंब डोळ्यांपुढे आणू. नवरा-बायको, दोन मुले आणि म्हातारी.

मृगाचा पाऊस पडला की पऱ्हे टाकायचे. पऱ्हे म्हणजे धानाची रोपे. बांधीत पाणी साचले की चिखल करून रोवणी. ज्यांच्याकडे पाणी कमी किंवा माणूसबळ कमी, ते आवत्या टाकतात, म्हणजे धान सरळ फेकून पेरतात. रोवणीचे पंधरा-वीस दिवस हे बायकांचे दिवस. पाण्यात पाय, वाकलेली कंबर आणि एका ओळीत सरकणारे हात. स्वतःच्या बांध्या झाल्या की दुसऱ्याच्या बांध्यांत मजुरीने रोवणी, म्हणजे एकाच आठवड्यात तीच बाई शेतकरीही असते आणि शेतमजूरही. पाऊस ओढ देऊ लागला तर बोडीतले पाणी कामाला येते. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला बांधलेले लहानसे तळे. पूर्व विदर्भाची धानशेती मोठ्या तलावांवर आणि अशा हजारो बोड्यांवर उभी आहे.

आषाढ-श्रावण हे घरातल्या कणगीचा तळ दिसण्याचे महिने. मागचे धान संपत आलेले, नवे हाती यायला अजून दोन-तीन महिने. याच दिवसांत जंगल सर्वात जास्त खाऊ घालते. बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना इकडे वास्ते म्हणतात, ते निघतात. वारुळांवर सात्या उगवतात. या अळिंब्यांना मटणाची चव असते, असे खाणारे सांगतात. तरोट्याचा कोवळा पाला आणि कंदही मिळतात. बांध्यांत मासे आणि खेकडे येतात. या कशालाच पैसे पडत नाहीत, म्हणून उत्पन्नाच्या पाहण्यांत ते सहसा येत नाही. पण घरात ताटावर पोषण येते ते यातून. पावसाळ्यातल्या दोन महिन्यांच्या भाज्या बाजारातून विकत आणायच्या म्हटल्या तर या कुटुंबाचे कंबरडे मोडेल.

दिवाळीच्या आसपास धान कापणीला येते. मग बांधणी, मळणी. जमिनीत ओल असेल तर बांधीत लाखोळी, उडीद किंवा जवस. एकच पीक, तेही पावसाच्या भरवशावर. दोन एकरांतले धान पाच तोंडांना वर्षभर पुरेल याची खात्री नाही. म्हणून पौष-माघात प्रश्न उभा राहतो, आता पुढे काय? इथे गावागावांत फरक पडतो. ज्या गावाला जंगलात काम आहे ते बांबू तोडायला जाते. ज्याला नाही, ते मिरचीला जाते. जनगणना नेमकी याच प्रश्नाच्या दिवसांत येते.

फाल्गुन-चैत्रात मोह. हा हंगाम पाहिल्याशिवाय आदिवासी गावाचे अर्थशास्त्र समजत नाही. मोहाची फुले रात्री गळतात आणि ऊन चढण्याआधी वेचावी लागतात. पहाटे अंधारात घरची सगळी माणसे झाडाखाली असतात, म्हातारीसुद्धा, शाळेत जाणारी मुलेसुद्धा. झाडे कोणाच्या घराने वेचायची हे ठरलेले असते, एकमेकांच्या झाडाखाली कोणी जात नाही. फुले अंगणात वाळवतात. ती भाकरीत जातात, भाजीत जातात, गुरांना जातात, दारू होते आणि उरलेली विकली जातात. हातात रोकड नसते म्हणून बहुतेक घरे चैत्र-वैशाखातच फुले व्यापाऱ्याला देऊन टाकतात आणि पावसाळ्यात गरज पडली की तीच फुले चढ्या भावाने परत विकत घेतात. साठवायला जागा आणि तीन महिने थांबायला पैसा, एवढ्या दोन गोष्टी नसल्याने हा तोटा दरवर्षी होत आला. वरून कायद्याची अडचण. मोह म्हणजे दारू, हे समीकरण धरून फुलांच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर दारूबंदी कायद्याखाली निर्बंध होते. महाराष्ट्राने ते २०२१ मध्ये उठवले. फुलांनंतर फळे येतात. त्यातल्या बिया म्हणजे टोळंबी. त्यांचे तेल काढतात. ते पूर्वी घरोघर स्वयंपाकाला आणि दिव्याला होते, आता कमी झाले.

वैशाखात तेंदू. रोख पैशाच्या दृष्टीने हा वर्षातला सर्वात मोठा मोसम, आणि तो चालतो जेमतेम दोन-तीन आठवडे. हंगामाआधी झुडपे छाटून ठेवतात म्हणजे नवी, मऊ, मोठी पाने येतात. पहाटे पाने तोडायची, दुपारी घरी बसून पुडकी बांधायची, संध्याकाळी फडावर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या ठिकाणी, नेऊन मोजून द्यायची. एका पुडक्यात ७० पाने. शंभर पुडकी म्हणजे सात हजार पाने, प्रत्येक हाताने तोडलेले, सारखे केलेले, मोजलेले. एक हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. या पैशातून लग्ने होतात, पावसाळ्याचे बियाणे येते, मुलांच्या वह्या येतात, घरावर कवेलू चढतात. १९६९ च्या कायद्याने तेंदूचा व्यापार राज्याच्या हाती होता आणि तोडणाऱ्याला मजुरी मिळे. आता गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करतात आणि मजुरीवर पानांची किंमतही घरोघर वाटतात.

याच्या आजूबाजूला चारोळी, डिंक, हिरडा, बेहडा, लाख, मध, झाडू बांधायचे गवत, शिवाय कोंबड्या-बकऱ्या, शिवाय रोजगार हमीचे काम. आणि एक गोष्ट, जी कुठल्याही पाहणीत येत नाही: पंडुम. नवे आंबे, नवी मोहफुले, नवे धान गावाचे पंडुम झाल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. बाहेरच्याला ही पूजा वाटते, आणि ती आहेच. पण फळ पिकण्याआधी ओरबाडले जाऊ नये याचा बंदोबस्तही तिच्यात आहे. गोंड-माडियांनी जंगलाचे वेळापत्रक धर्मात बांधून ठेवले, म्हणून ते टिकले.

आता या घरातल्या बाईला प्रगणकाने विचारले, ‘बाई, तुम्ही काय काम करता?’ तर ती काय सांगणार? ‘शेती,’ असेच सांगेल. तो लिहील, शेतकरी. किंवा नवऱ्यापुढे शेतकरी आणि तिच्यापुढे घरकाम. दहा व्यवसायांचे वर्ष एका शब्दात मिटते. पुढे याच शब्दावर योजना येतात. शेतकरी म्हणून विहीर आणि पंप येतो, जंगलाबद्दल काहीच येत नाही.

याच धानोरा तालुक्यात, गडचिरोलीहून तीसेक किलोमीटरवर, कठाणी नदीजवळ मेंढा नावाचे गाव आहे. लेखा या गटग्रामपंचायतीत येत असे म्हणून मेंढा (लेखा). शंभरएक घरे, पाचशेच्या आतबाहेर माणसे, सगळी गोंड. आकाराने इतके लहान गाव, पण महाराष्ट्रातल्या आदिवासी उपजीविकेचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिता येत नाही.

सुरुवात १९८४ च्या सुमारास झाली. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांखाली या भागातले प्रचंड जंगल आणि शेकडो गावे जाणार होती. बाबा आमटे आणि गोंड राजे लालश्यामशहा यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले, धरणे थांबली, आणि ‘मावा नाटे मावा राज’ ही घोषणा मागे राहिली. आमच्या गावात आमचे राज्य. मेंढ्याने ती मनावर घेतली. देवाजी तोफा हे गावातले कार्यकर्ते आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने दोन सवयी लावून घेतल्या. एक, निर्णय सर्वसहमतीनेच, बहुमताने नाही. एकाचाही विरोध असेल तर थांबायचे. दुसरी, अभ्यासगट. प्रश्न जंगलाचा असो, कायद्याचा असो की मधाचा, आधी बसून समजून घ्यायचे. मध काढताना पोळे जाळण्याची पद्धत या अभ्यासातूनच बदलली. जंगलात मजुरी केलेल्यांनी दहावा हिस्सा ग्रामसभेच्या कोषात टाकायचा, हाही नियम झाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची ओळ आज साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मिलिंद बोकील यांनी या गावावर ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक लिहिले आहे.

मग वनहक्क कायदा आला. २००६ चा कायदा, नियम १ जानेवारी २००८ पासून. त्यात गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी मान्य झाली आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदू, मध, लाख, कंद यांच्याबरोबर बांबूही स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक.

हक्क मिळाला आणि बांबू अडला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती. तो गवत आहे हे वनस्पतिशास्त्र कधीपासून सांगत होते, पण कायद्याच्या पुस्तकात तो वृक्षच. बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा आणि परवान्याचे पुस्तक वन खात्याकडे. मालकी गावाची, चावी दुसऱ्याच्या खिशात. दोन वर्षे गाव या एका पुस्तकासाठी झगडले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मग मेंढ्याने आपला बांबू आपण विकायला सुरुवात केली. स्त्री-पुरुषांना सारखी मजुरी, तोडीचे नियम ग्रामसभेचे, पैसा ग्रामसभेच्या खात्यात.

या घटनेचा लोकसंख्येशी काय संबंध, असे कोणी विचारेल. सरळ संबंध आहे. पौष-माघात उभा राहणारा ‘आता पुढे काय’ हा प्रश्न बांबूच्या तोडीने सुटतो. धान कापून झाल्यावर काम गावाच्या शिवारातच मिळते. मुले शाळेत राहतात, म्हातारी एकटी राहत नाही आणि प्रगणक येतो तेव्हा दार उघडे असते. २०१४ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने पेसा क्षेत्रातल्या ग्रामसभांची तेंदू आणि बांबूवरची मालकी राज्याच्या कायद्यातही आली, आणि ही वाट इतर गावांना खुली झाली.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाने त्यापुढची गोष्ट केली. २०१२ मध्ये हजारएक हेक्टर जंगलावर हक्क मिळाल्यावर त्यांनी तेंदू तोडणेच थांबवले. छाटणीने आणि आगीने झुडपांचे नुकसान होते. पाने तोडली नाहीत तर फळे येतात, ती माणसे आणि पाखरे खातात. बांबूवर पोट भागते तर तेंदू कशाला, असा त्यांचा हिशेब. जंगलाचा एक भाग त्यांनी देवराई म्हणून हात न लावता राखला. वर्षातली सर्वात मोठी रोकड आपल्या हाताने सोडणारे गाव कुठल्या रकान्यात बसवायचे? मेळघाटाच्या पायथ्याच्या पायविहीर या कोरकू गावाने उजाड टेकडी राखली आणि तिथली सीताफळे मुंबईला पाठवली.

आणि दुसऱ्या टोकाला कातकरी. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जमातीचे नावच व्यवसायाचे. इंग्रजी अमदानीत जंगले राखीव झाली, खैर तोडणे गुन्हा ठरला आणि एका अख्ख्या समाजाच्या हातून त्याचा धंदा निसटला. शेती त्यांच्याकडे कधी फारशी नव्हतीच. मग कोळशाच्या भट्ट्या, नंतर विटांच्या. अनेक वाड्यांवर तर घराखालची जमीनही त्यांच्या नावावर नाही. पावसाळ्यात खाण्यासाठी मालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर ती फेडायला भट्टीवर जायचे, हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. मेंढा आणि कातकरी वाडी यांच्यातला फरक माणसांच्या कष्टाळूपणाचा मुळीच नाही. एकाच्या मागे १,८०० हेक्टर हक्काचे जंगल आहे आणि दुसऱ्याच्या मागे आगाऊ घेतलेली उचल.

मोजणीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गावाची लोकसंख्या जन्म-मृत्यूनेही घडते, आणि आदिवासी भागात मृत्यूच नोंदले जात नव्हते. मेंढ्याच्याच रस्त्यावर, चातगावजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे शोधग्राम आहे. त्यांनी १९८८ च्या सुमारास गावोगाव प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवला, तेव्हा हजार जन्मांमागे १२१ अर्भके वर्षाच्या आत जात असल्याचे दिसले. आधी मोजले, मग कारण शोधले, मग गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्यांच्या ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि पुढे आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू होण्यात त्याचा वाटा मोठा होता. नीट मोजल्यामुळे बाळे वाचली, असे शब्दशः म्हणता येईल अशा जागा जगात फार नाहीत.

मेंढ्याने २०१३ मध्ये आणखी एक निर्णय घेतला. महाराष्ट्रात १९६४ चा ग्रामदान कायदा आहे, पण बराच काळ कोणी त्याकडे पाहिले नव्हते. गावातल्या कुटुंबांनी आपल्या शेतजमिनीची मालकी ग्रामसभेकडे दिली. जमीन कसायची ज्याची त्यानेच, पोरांकडे ती जाणारही, फक्त गावाबाहेरच्याला विकता येणार नाही; आणि भूमिहीनांसाठी विसावा हिस्सा बाजूला काढायचा. रस्त्यालगतची जमीन आज ना उद्या कोणीतरी पैसा दाखवून मागणार, हे त्यांनी ओळखले होते. जमीन गेली की शेतकरी मजूर होतो, मजूर झाला की गाव सोडतो. आपल्या पोरांची लोकसंख्या गावातच राहावी, यासाठी केलेला तो कायदेशीर बंदोबस्त आहे.

पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा मोजणीचा क्षण जाहीर झाला आहे. म्हणजे माणसांची गणना पुन्हा त्याच फेब्रुवारीत. रकाने आपल्या हातात नाहीत. पण ते भरणारे बहुतेक हात मराठी शाळांतल्या शिक्षकांचे असतात, म्हणून त्यांना हात जोडून सांगणे आहे: आदिवासी घरात पहिल्या उत्तरावर थांबू नका. रोवणीला कोण गेले होते, मोह कोणी वेचला, तेंदूच्या हंगामात किती दिवस गेले, हे बाईलाच विचारा आणि मग महिने मोजून लिहा. वीटभट्टी, उसाचा फड, मिरचीचे शेत तुमच्या गटात येत असेल तर तिथल्या झोपड्या सोडू नका. आणि ग्रामसभांनी सरकारी वहीची वाट न पाहता स्वतःची एक वही आजच घालावी. कोणत्या घरातून कोण, कोणत्या महिन्यात, कुठे आणि कशासाठी गेले, आणि परत कधी आले, एवढेच तिच्यात लिहावे.